प्रकार: एकल

शाळेच्या प्रकल्पासाठी मी मोहाडीजवळच्या आमच्या गावातली धानाच्या रोवणीची गाणी मोबाइलवर रेकॉर्ड केली. आता प्रत्येक गाण्याला प्रकार आणि शैलीचं लेबल लावून राहिली आहे. एका दुपारी तीस गाणी उरकली, माझ्यासारखी फास्ट मीच.

शेजारच्या रुखमिणीकाकू बांधीतल्या चिखलात रोपं लावत गाताना दर ओळीनंतर थांबत होत्या. वय झालं, दम लागत असेल, म्हणून मी त्या रिकाम्या जागा कापून टाकल्या, 'एकल' असं लेबल लावलं आणि मोठ्या ऐटीत त्यांना ऐकवायला गेले.

“काकू, पाहा कसं सुसाट झालं.”

त्यांनी पूर्ण ऐकलं. मग स्क्रीनकडे बोट केलं. “हे काय लिवलं?”

“एकल. म्हणजे एकटीनं गायलेलं.”

“एकटीचं नोहे बेटा. एक ओळ माही, एक ताराबाईची. बावीस वर्सं असंच गात रोवलं.”

“पण ताराबाई तर उन्हाळ्यात वारल्या ना?” मी हळूच विचारलं.



“म्हनून तं थांबत होती मी. तिची ओळ कशी म्हनू?”