दाराशी तीन चेहरे

"काल कुणीतरी लाल दाबलंय," साहेब म्हणाले आणि शिलाई विभागातली सगळी मशीनं थांबली.

कॉलर शिवणाऱ्या तिनं मान आणखी खाली घातली. चोराच्या मनात चांदणं! खरं तर दाराशी बसवलेल्या त्या तीन बटणांवर कुणाचं नाव उमटत नव्हतं, नुसती मोजणी साहेबांकडे जाई. घरी जाताना दिवस कसा गेला तेवढं सांगायचं: हिरवा चेहरा हसरा, पिवळा गप्प, लाल रडका. आजवर सगळे हिरवाच दाबत आले होते, कारण साहेब शेजारी उभे राहून प्रत्येकाला हसून निरोप देत. काल त्यांचा फोन वाजला, ते पाठमोरे झाले आणि तिचा अंगठा घसरला. घसरला कसला, तिनं दाबलंच. लेक तापानं फणफणली होती म्हणून तिनं अर्धा दिवस मागितला होता. "अहो, आपण एक कुटुंब आहोत," साहेब म्हणाले होते. "कुटुंबात कुणी सुट्टी मागतं का?"

आजही त्यांचा आवाज तितकाच गोड होता. "कोण नाराज आहे एवढंच कळू द्या. मी रागावणार नाही."

असंच न रागावता त्यांनी काजं करणाऱ्याला घरी बसवलं होतं. आणि तिची चूल तर तिच्या एकटीच्या पगारावर पेटत होती.

तेवढ्यात शेजारच्या मशीनवरच्या मावशी उठल्या. "माझंच बोट लागलं असेल, साहेब. चष्मा घरी राहिला होता काल."

चष्मा काल दिवसभर त्यांच्या नाकावर होता. आपण बोलायला हवं, हे तिला कळत होतं, पण तिनं सुईत दोरा ओवायला घेतला. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"असं होय!" साहेब हसले. "मग पुन्हा चूक नको व्हायला." खोकी बंद करायची चिकटपट्टी आणून त्यांनी ती रडक्या चेहऱ्यावर घट्ट ताणून बसवली.

संध्याकाळी रांग लागली. साहेब दाराशी उभे राहून घरच्यांची चौकशी करत होते. मग त्यांचा फोन वाजला, ते बोलत बोलत बाजूला गेले. पुढची माणसं भराभर बाहेर पडली. मावशीही गेल्या.

तिची पाळी आली. तिनं हिरव्याकडे अंगठा नेला आणि तो तिथंच थांबला.

ताणून बसवलेली पट्टी मधोमध खोल दबली होती, आणि तिच्यावर मशीनच्या तेलानं माखलेल्या अंगठ्यांचे ठसे एकावर एक उमटले होते.