साळखात्यातली तार

वीरभद्रप्पानं शिडी धरायला साफ नकार दिला. "आदी सांगा, ही तार कुटं जाती?"

वरून यज्ञेश्वर वायरमननं खाली पाहिलं. जेवणाची सुट्टी असल्यानं गिरणीच्या साळखात्यातले माग बंद होते. पण भाकरी सोडायचं राहिलं बाजूला, दहा-बारा विणकर शिडीभोवतीच जमले होते. गिरणीत नवीन काही आलं की ते आपल्याच मुळावर येणार, याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हतं.

"ऑफिसात," यज्ञेश्वर म्हणाला.

"बगा! म्हनलं न्हवतं?" वीरभद्रप्पा बाकीच्यांकडे वळला. "तितं टेलिफोन झाला, आता हितं ह्ये. आमी काय बोलतो त्ये समदं साहेबाच्या कानात."

यज्ञेश्वर वैतागला. भिंतीवरच्या पितळी पेटीला बोलणं कळत नाही, हवा कळते, हे तो सकाळपासून तिसऱ्यांदा सांगत होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की सूत तुटतं, म्हणून एक तार वाफेच्या झडपेला. वाफ आपोआप सुटते. खात्यात उकाडा फार वाढला की दुसऱ्या तारेनं ऑफिसात घंटा वाजते, आणि वाफ बंद करायला साहेब माणूस पाठवतात.

"मंग घंटा हितं का न्हाय?"

"मागांच्या खडखडाटात ऐकू येईल का?"

हे वीरभद्रप्पाला पटलं, आणि पटलं म्हणूनच तो जास्त बिथरला. त्याचा धाकटा भाऊ चन्नप्पा गेल्या आठवड्यात याच वाफेत मागावर कोसळला होता. सोमवारी तो परत कामावर यायचा होता.

"म्हंजे सुतासाटी वाफ आपोआप," तो सावकाश म्हणाला, "आन् मानसासाटी साहेबाला इचारून?"

 यज्ञेश्वरला राग आला. तारांचा नकाशा साहेबांचा आणि बोलणी तो खात होता. "थांबा, दाखवतोच," असं म्हणून त्यानं पेटीतल्या घंटेच्या दोन स्क्रूंवर पेचकस आडवा टेकवून तार जोडली. "आत्ता तिकडे घंटा वाजतेय. माणूस येतो की नाही ते बघा."

सगळे दाराकडे बघत उभे राहिले. यज्ञेश्वरचा हात भरून आला तरी त्यानं पेचकस हलवला नाही. कुणी बोललं नाही. न जाणो, पेटी खरंच ऐकत असली तर.

बऱ्याच वेळानं ऑफिसातला शिपाई येडू पटांगण ओलांडून येताना दिसला. यज्ञेश्वरचा चेहरा खुलला. "आला की नाही? येडू, वाजली ना घंटा?"

"वाजली की! लई कर्कश," येडू म्हणाला. "साहेब लिवत हुते, दचकले. मला म्हनले, कापूस कोंब तिच्यात. कोंबला. आता कितीबी वाजू द्या, कुनाला तरास न्हाय. तुमचं काम झालं आसंल तर सई घ्यायला या म्हनलेत."

येडू आला तसा गेला. यज्ञेश्वर हळूहळू शिडी उतरला. वीरभद्रप्पा ओरडेल असं त्याला वाटलं होतं. पण तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "वायरमन, तुमी शिकल्याली मानसं. तुमीच सांगा, सोमवारी चन्नप्पाला धाडू का नगं?"