एकच दार

"दार एकच पायजे. अन् ते आमच्या सैपाकघरातून," अश्विनीने तिसऱ्यांदा सांगितलं.

कानिफनाथने हातातला पाना खाली ठेवला. पुणतांब्याच्या आसपास त्याने भाजीपाल्यासाठी बरेच पॉलिटनेल, म्हणजे प्लास्टिकचे बोगदे, उभे केले होते, पण घराच्या मागच्या भिंतीला चिकटवून, चुलीपासून दोन पावलांवर दार मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

"वहिनी, वारं खेळायला समोरासमोर दोन दारं लागत्यात. न्हाईतर आत भट्टी हुईल."

"होऊ द्या."

तिचा नवरा प्रवीण पाइप मोजत होता. दुकानात त्याला बांबूचा, हिरव्या नेटचा स्वस्तातला टनेल पसंत पडला होता. अश्विनीने ऐकलं नाही. कमानी लोखंडी पाइपाच्या, वरून जाड प्लास्टिक आणि खाली छातीइतक्या उंचीपर्यंत लोखंडी जाळी, असं तिने ठरवून टाकलं. जाळी दुकानात मिळेना, तेव्हा ती दुसरीकडून आणायला लावली.

"टोमॅटो ठेवायचेत का वाघ?" कानिफनाथ जाळी उलगडत म्हणाला.

अश्विनीला हसू आलं नाही. पंधरा दिवसांपूर्वी भरदुपारी बिबट्याने शेजारच्या सूर्यभानची शेळी उचलली होती. ती बांधलेली होती तिथून चार हातांवर अश्विनीची प्रज्ञा मातीत खेळत होती. तेव्हापासून चार वर्षांच्या त्या पोरीला उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. पोर घरात रडायची, परसातली झाडं पाण्यावाचून माना टाकायची आणि आई दोघांच्या मध्ये दारात उभी राहायची. टनेल टोमॅटोसाठी नव्हताच. पण लेकरासाठी जाळी ठोकतोय हे परक्या माणसाला सांगायचं कसं?

त्यात काल सूर्यभानच्या उसाला तोड लागली. एरवी बिबट्या उसात तरी असायचा. आता तो कुठे असेल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. प्रवीणने त्या रानातून पाचटाची, उसाच्या वाळल्या पाल्याची, दोन मोठी गाठोडी ताडपत्रीत बांधून आणली होती. टोमॅटोच्या बुडाशी अंथरायला बरं म्हणून ती परसाच्या कोपऱ्यात मोकळी केली.

आज सकाळी परसाभोवती ठसे उमटलेले होते. सरळ येऊन गेलेले नव्हते. फिरून फिरून त्याच जागी आलेले.

"दिव्याच्या उजेडानं आत शिरला न्हाई, पण रातभर घिरट्या घातल्यात," प्रवीण हळूच म्हणाला होता.

"आपल्या प्रज्ञीला हेरलंय त्याने," अश्विनी म्हणाली आणि तिने मागच्या दाराला कडी घातली. कानिफनाथ आला तेव्हा तिने त्याला पाणी द्यायच्या आधी सांगितलं, "आजच्या आज उभा करा."

दुपारी कमानी उभ्या राहिल्या. प्लास्टिक ताणताना कोपऱ्यातल्या पाचटातून बारीक म्यांव म्यांव ऐकू आलं. प्रज्ञा दारातूनच टाळ्या पिटायला लागली.

"आई, मनी व्याली!"

मनी म्हणजे घरची मांजर. आठ दिवसांपासून मोठं पोट घेऊन फिरत होती आणि सकाळपासून दिसली नव्हती. अश्विनीला बरं वाटलं. मांजरीलासुद्धा हीच जागा सुरक्षित वाटली म्हणायची.

"ढीग बाहेर काढू का? जाळी सरळ बसंल," कानिफनाथ म्हणाला.

"नको. बाळंतीण हाय ती. तिला कशाला हलवायचं? जाळी ढिगाच्या पलीकडून घ्या."

त्याने ती पलीकडून घेतली.

दिवस मावळायला टेकला तेव्हा काम उरकलं. कानिफनाथला फाट्यावर सोडायला प्रवीण मोटारसायकल घेऊन निघाला. पाच मिनिटांत परत यायचं होतं, म्हणून जाताना पुढचं दार त्याने नुसतं ओढून घेतलं.

अश्विनीने दोन्ही हातांनी जाळी गदागदा हलवली. जाळी हलली नाही. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिच्या जिवात जीव आला. प्रज्ञा दुधाची वाटी घेऊन पाचटाजवळ जाऊन बसली होती.

"हळू गं. मनी बोचकारील."

"मनी न्हाईये आत. पिलंच हायेत."

तेवढ्यात तोडलेल्या उसाच्या रानातून तो आला. पळत नाही, दबकत नाही. सरळ चालत आला आणि जाळीपाशी थांबला. थांबला तोही नेमका प्रज्ञाच्या समोर.

 अश्विनीने पोरीला ओढून पोटाशी धरलं. "बुद्धं सरणं गच्छामि," ती पुटपुटली, पण पुढचं आठवेना. बिबट्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. त्याने पाचटाच्या बाजूला जाळीला नाक लावलं, मग पंजा लावला. जाळी थोडी वाकली आणि तशीच राहिली. तो जाळीच्या कडेने टोकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. कुठे फट मिळते का ते बघावं तसा. मग घराच्या कोपऱ्यावरून वळला आणि दिसेनासा झाला.

जाळी टिकली होती. अश्विनी मटकन खाली बसली आणि पोरीच्या केसांत तोंड खुपसून रडली.

"आई, सोड ना. पिलांना दूध द्यायचंय. त्यांचे पाय बघ किती मोठ्ठे हायेत."

स्वयंपाकघरात भांडं पडलं.

"मनी आली," प्रज्ञा खूश होऊन म्हणाली. "पिलांना न्यायला."

अश्विनीने मान वर केली. डोक्यावरच्या आडव्या पाइपावर मनी बसली होती. तिच्या अंगावरचे केस ताठ झाले होते आणि नजर स्वयंपाकघराच्या दारावर होती. तिचं पोट अजून तसंच भरलेलं होतं.