सातव्या मजल्याचं कापड

"ही पांढुरकी पूड आली कुठून?" मुकादमाने टाकीच्या तळाशी बोट फिरवलं. "अख्ख्या इमारतीची कापडं काळी होतात. सातव्या मजल्यावरच्या त्या एका खिडकीचं तेवढं राखाडी. तिसऱ्यांदा टाकीच्या तोंडाची जाळी बुजली, बाई. पुन्हा असं झालं तर मी दुसरी कुणी बघतो."

कापडं धुणारी मावशी जाळीतला गाळ बोटांनी काढू लागली. मुकादम तिच्याहून दहा वर्षांनी मोठा, तरी तोही तिला मावशीच म्हणायचा. रागावला की मात्र बाई.

इमारतीला बाहेरून जाळीदार कापडाचा अंगरखा होता. तो रस्त्याचा धूर अडवायचा, ऊनही अडवायचा. आतले पंखे निम्मा दिवस बंद असत. दर महिन्याला माणसं दोरावरून उतरत, मळकं कापड काढून धुतलेलं चढवत. पाच मिनिटांचं काम, आतल्याला पत्ताही लागत नसे. मळकी कापडं मग तळघरात, मावशीच्या टाकीत. दिवसाचे आठ तास तिचे हात पाण्यात. त्या हातांवरच तिचं घर चाललं होतं.

धुराची काजळी तेलकट असते, साबणाशिवाय हलत नाही. ही पूड आपणहून तळाला बसायची. राखच होती, दुसरं काय? कुणीतरी खिडकीत बसून विड्या फुंकतंय आणि बोलणी आपण खातोय. चोर सोडून संन्याशाला फाशी. हात पुसून ती तरातरा सातव्या मजल्यावर गेली.

दार एका म्हाताऱ्याने उघडलं. खोली लख्ख होती. खिडकीशी खुर्ची, खुर्चीवर बायकी शाल. शेजारी चहाचे दोन कप, त्यातला एक भरलेला. मावशीला क्षणभर हेवा वाटला. तिच्यासाठी कुणी कधी चहा ओतून ठेवला नव्हता.

"आजोबा, इथे विड्या कोण ओढतं?"

"या घरात? छे. हिच्या छातीला धूर मुळीच सोसायचा नाही. हे कापड वर्षभर आधी लागायला हवं होतं."

"मग कापडावर राख कुणाची?"

म्हाताऱ्याने खुर्चीवरची शाल सारखी केली.

"माझी नोकरी जायची वेळ आलीय," मावशी म्हणाली. आवाज तिला वाटला तेवढा चढला नाही.

"माफ करा. तुम्हाला त्रास व्हावा असं मनात नव्हतं." त्याने शालीखालून झाकणाचा एक डबा काढला आणि दोन्ही हातांत धरला. "आता थोडीच उरलीय. कापड लावणारे साहेब म्हणाले होते, एकदा धरलेला कण हे सोडत नाही. हिला खिडकीशिवाय करमायचं नाही. म्हटलं, इथेच राहू दे. रोज एक चिमूट लावतो. सगळे म्हणत होते, पाण्यात सोडा. पण पाण्याला ती जन्मभर घाबरली हो."

त्याने खिडकीबाहेरच्या कापडाकडे पाहिलं.

"सुटत नाही ना यातून काही?"

"नाही, आजोबा," मावशी म्हणाली, आणि पाण्याने सुरकुतलेले हात तिने पाठीमागे नेले.