जहाजावरच्या भाकरी

या माउलींनो, पुढं सरकून बसा, एका जहाजाची गोष्ट सांगतो. अकोल्याच्या नत्थुजींनी दोन वर्षं खपून शिवकाळातल्या शिडाच्या जहाजाची सागवानी प्रतिकृती केली. दोराची एक गाठही त्यांनी नकाशाबाहेर जाऊ दिली नाही. अमरावतीच्या प्रदर्शनात परीक्षक मात्र वाकून पाहतच राहिले. चिमुकल्या खलाशांपुढे ज्वारीच्या डाळीएवढ्या भाकरी वाढलेल्या!

"नकाशात हे नाही. एवढं काढा, पहिला नंबर तुमचाच."

नत्थुजींनी चमकून शेजारी उभ्या बायकोकडे पाहिलं.

"माह्याकडे काय पाहून राहिले?" पार्बताबाई फणकारल्या. "दोन वर्षं उपाशी उभे करून ठेवले तुमी त्यायले!"

नत्थुजींनी भाकरी काढायला उचललेला चिमटा खिशात टाकला.

"नंबर दुसऱ्याले द्या, साहेब. जेवत्या माणसापुढचं ताट मी नाई ओढत."

माउलींनो, आज पहिला घास मोडाल तेव्हा पार्बताबाईंची आठवण काढा.