भेटीची खोली

कोर्टातल्या मुलांच्या खोलीत सगळ्या खुर्च्या बुटक्या होत्या. गुडघे पोटाशी घेऊन सुतार एकीवर बसला, तर ती डुगडुगायला लागली. सुताराच्याच बुडाखाली डुगडुगती खुर्ची! बायको असती तर खो खो हसली असती. हल्ली हसायला सोबतच नव्हती. त्याने खिशातलं माहितीपत्रक काढलं, ‘विभक्त होणाऱ्या पालकांसाठी’, त्याची घडी घालून खुर्चीच्या आखूड पायाखाली सरकवली. तसंही ते त्याला तोंडपाठ झालं होतं.

समुपदेशक बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, “ताबा म्हणजे मालकी नव्हे. मूल दोघांचंच राहतं. आणि भेटीला येताना खेळण्यांची लालूच नको. तुम्ही स्वतः या, तेवढं पुरे.” म्हणून लेकीसाठी केलेलं बाहुलीचं कपाट त्याने दुकानातच ठेवलं होतं. वेगळं झाल्यापासूनची ही पहिली भेट. पोर बुजली, रडली, तर पुढच्या भेटी लांबणीवर पडणार होत्या.

दार उघडलं. बाईंचं बोट धरून लेक आली. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी म्हणून ठरायची नाही. आज मात्र दारातच थिजून उभी राहिली. तिची आई बाहेरच्या बाकावर बसली, खोलीकडे पाठ करून.

भिंगरीने बापाचे हात बघितले. मग वाकून खुर्चीमागे बघितलं.

“कुठाय?”

“काय गं?”

“भेट. आई म्हणाली, आज बाबाची भेट आहे.”

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी असताना तो कधी हात हलवत आला नव्हता. काही नाही तर लाकडाचा एखादा गुळगुळीत ठोकळा तरी खिशात असायचाच. त्याने बाईंकडे बघितलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“मीच भेट,” तो कसाबसा म्हणाला.

भिंगरी विचारात पडली. मग पुढे आली, त्याच्या बाहीवरचा भुसा फुंकरीने उडवला आणि मांडीवर चढून बसली. खुर्ची हलली नाही. सुताराचा जीव भांड्यात पडला. नंतर कितीतरी वेळ दोघं खाली बसून एका मोडक्या ट्रकची चाकं बसवत राहिली.

“चला, वेळ झाली,” बाई म्हणाल्या.

भिंगरी शहाण्यासारखी उठली. बापाची करंगळी मुठीत धरून ती त्याला दाराकडे ओढायला लागली.

“अगं, बाबा नाही येणार. तो इथेच थांबेल.”

उघड्या दारातून बाकावरची पाठ दिसत होती. भिंगरीने मूठ आणखी आवळली.

“असं कसं?” ती म्हणाली. “भेट घरी न्यायची असते.”