बिरदेवचा रंधा

“मोटरीचं आर्मेचर जळालंय,” नाथाजीनं मशीन टेबलावर उताणं केलं. “आन् ह्यो माल कंपनीनं कवाच बंद केलाय. नवा रंधा घ्या की, तात्याबा. वजनाला निम्मा, आन् चालू हाय का बंद ते शेजाऱ्याला कळत बी न्हाई.”

“नगं,” म्हातारा म्हणाला. “ह्योच चालू करून द्या, मिस्त्री. बुधवारच्या आत.”

विट्यातलं नाथाजीचं दुकान म्हणजे जुन्या मशिनांचा दवाखाना. मशीन उघडलं की त्याला मालकाचं घर दिसायचं, आणि आपण सहसा चुकत नाही असं त्याचं स्वतःचं मत होतं. कवठे महांकाळकडच्या वस्तीवरनं हा म्हातारा वाटेतली सगळी दुकानं सोडून त्याच्याकडंच यायचा. याचा अर्थही नाथाजीनं सोयीचा लावून ठेवला होता: आपल्या हाताला गुण आहे.

एकच हिशेब जुळत नव्हता. गेल्या काही महिन्यांत म्हाताऱ्यानं कार्बन नेले, स्विच नेला, पट्टा नेला. पातं मात्र एकदाही नेलं नाही. लाकडावर चालणाऱ्या रंध्याचं पहिलं काय जात असेल तर पातं. ह्याचं अजून आरशासारखं होतं.

“खरं सांगा, तात्याबा. ह्यानं लाकूड तासता का लोणी?”

म्हाताऱ्यानं रंध्यावरनं हात फिरवला.

“बिरदेवचा हाय. माझ्या पोराचा. गेल्या दिवाळीत शिरवळजवळ ट्रकनं उडीवलं त्याला. म्हातारीला घर खायला उठतंय. हे सुरू केलं की तिला वाटतं, पोरगं पडवीत कामाला बसलंय. म्हणून रिकामंच चालवतो.”

नाथाजीनं हातातलं पातं हळूच खाली ठेवलं.

“बंद पडल्यापासनं रंगुबाई दिसभर ओव्या म्हणत बसतीया,” तात्याबा म्हणाला. “थांबतच न्हाई. घसा पार बसलाय.”

“आन् सून?”

“मंगल व्हय? ती गेली तिच्या वाटंनं. बुधवारी तिचा भाऊ यायचाय, विश्वजित. लग्नात ह्यो रंधा त्यानंच दिल्ता. त्यो घरात असस्तवर ह्यो चालू पायजे.”

जावयाला दिलेली वस्तू मेव्हण्यापुढं बंद पडलेली दिसू नये! अशी माणसं आता कुठं राहिलीत, असं नाथाजीला वाटलं. त्यानं लगेच मोठं मन केलं. “बेरिंग बी बदलतो. फुकट. किती कर्कश वरडतंय ते.”

“बेरिंगला हात लावू नका!” म्हातारा एकदम पुढं झाला. मग आवाज उतरवून म्हणाला, “तिला त्योच आवाज वळखीचा हाय.”

“मग मोबाईलवर भरून घ्या आन् लावून ठिवा की.”

“मोबाईलचा आवाज पुरतोय व्हय? ते ऱ्हाऊ द्या. ह्यो बॅटरीवर चालंल असं काय करता ईल का? आमच्याकडं लाईटीचा भरवसा न्हाई.”

“म्हातारीचे लय लाड चाललेत की, गड्या!”

तात्याबानं टोपी सारखी केली आणि एसटी गाठायला निघाला.

नाथाजीनं सांगली पालथी घातली, मिरज पालथी घातली. सगळीकडं एकच उत्तर: असलं मशीन आता फोटोतच. शेवटी शिरवळच्या आप्पासो भंगारवाल्यानं फोनवर सांगितलं, “असलं एक डबडं पडलंय खरं. पर मी वजनावर इकतो, मिस्त्री. माणुसकीवर न्हाई.”

नाथाजी स्वतः शिरवळला गेला. हायवेवर ट्रकमागून ट्रक जात होते. यातल्याच कुण्या एकानं म्हाताऱ्याचं पोरगं नेलं, या विचारानं त्यानं घासाघीससुद्धा केली नाही. त्यातल्या आर्मेचरचा दांडा थोडा जाड निघाला. लेथवर तासून तो बेतात बसवला. मंगळवारी दुपारी मशीन मोटरसायकलला बांधून तो न कळवताच वस्तीकडं निघाला. म्हातारीचं तोंड त्याला स्वतः बघायचं होतं.

माळावर एकटंच घर. मागच्या अंगाला कडब्याची गंज भिंतीला टेकून रचलेली. घर नजरेत यायच्या आधी ओवी कानावर आली. गाणं कसलं, फाटक्या घशाची घरघर होती ती.

तात्याबा वाटंवरच आडवा आला. “फोन तरी करायचा! द्या हितंच. च्या पिऊ पुढच्या खेपंला.”

“चालवून दावल्याबिगर मी मशीन देत न्हाई, तात्याबा. धंद्याचा नेम हाय,” म्हणत नाथाजी पडवीत शिरला.

रंगुबाईनं ‘या’ म्हटलं नाही. मागच्या भिंतीला पाठ लावून ती डुलत होती, गात होती. चुलीपाशी तीन ताटं घासून पालथी घातलेली. तिसरं बिरदेवचं. नाथाजीनं मनाशीच ठरवून टाकलं.

त्यानं बटण दाबलं. रंधा किंचाळला.

रंगुबाईची ओवी मध्येच तुटली. तिनं तांब्याभर पाणी एका दमात पोटात ओतलं, डोकं भिंतीला टेकलं आणि डोळे मिटले. तिच्या तोंडावर विसावा पसरला. तात्याबा पैसे काढायला लागला तसा नाथाजी मशीनच्या आवाजावर ओरडला, “नगंत! आईचं काम हाय!”

तेवढ्यात लाईट गेली.

रंधा कण्हत कण्हत थांबला. रंगुबाई दचकून ताठ बसली. तिनं तोंड उघडलं, पण घशातनं नुसता वारा आला. पुन्हा उघडलं. पुन्हा वारा.

“चला, मिस्त्री, सोडाया येतो तुमास्नी,” तात्याबानं त्याचं मनगट धरलं. म्हातारा त्याला बाहेर ओढू लागला.

आणि त्या शांततेत, रंगुबाईच्या पाठीमागच्या भिंतीपल्याड, कडब्याच्या गंजीआडनं आधी नखांची खरखर आली, मग एका बाईचा खोल गेलेला आवाज:

“गाडी वाजली मगाशी... विश्वादादा, तू आलास व्हय रं?”